पाचोळ्याचा कारभारी

अरण्याचे वर्णन करावयास बसलेला मनुष्य बहुधा वर पाहतो. वृक्षांची उंची, पर्णसंभाराची घनता आणि फांद्यांतून झिरपणारे ऊन यांनीच त्याचे डोळे भरून जातात, आणि पायाखाली दरवर्षी साचणाऱ्या पाचोळ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. वास्तविक अरण्याचा सारा योगक्षेम याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. झाड जमिनीतून जे क्षार उचलते, त्यांचा बराच हिस्सा पानांत जाऊन पडतो. पान गळाले की तो जमिनीवर येतो खरा, परंतु ते पान फुटून, कुजून, मातीत मिसळल्याखेरीज मुळांच्या पदरी त्यातले फारसे काही पडत नाही. ही परतफेड घडवून आणणाऱ्या प्राण्यांपैकी गांडुळाचे नाव शाळेतल्या मुलासही ठाऊक असते; परंतु त्याच कामात युगानुयुगे गढलेल्या दुसऱ्या एका प्राण्याची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही. तो प्राणी म्हणजे वाणी. कोकणात आणि घाटमाथ्यावर मृगाचा पाऊस पडला की भिंतीच्या कडेने संथपणे चालणारा, कोणी डिवचले तर अंगाचे चपटे वेटोळे करून पडणारा, कित्येक ठिकाणी ‘पैसा’ म्हणूनही ओळखला जाणारा हा जीव केरसुणीने बाहेर लोटण्यापलीकडे त्याच्याशी आपला व्यवहार नसतो.

पुष्कळांच्या मनात वाणी आणि गोम यांचा घोटाळा होतो, आणि त्या घोटाळ्यापायी बिचाऱ्या वाण्याच्या माथी विनाकारण विखाराचा आरोप येतो. दोघेही बहुपाद वर्गसमूहातले असले, तरी त्यांचा स्वभाव व उपजीविका परस्परविरुद्ध आहेत. गोम चपटी, चपळ आणि मांसाहारी. तिच्या शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते, आणि पहिल्या जोडीचे रूपांतर विषारी नांग्यांत झालेले असते. वाणी बहुधा गोल अंगाचा, मंद आणि शाकाहारी. त्याच्या बहुतेक वलयांना पायांच्या दोन दोन जोड्या असतात, आणि दंश करण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नसते. वाण्यांच्या सुमारे बारा हजार जातींची शास्त्रीय नोंद आजवर झालेली आहे, आणि अद्याप नोंदल्या न गेलेल्या जाती याहून कितीतरी अधिक असाव्यात, असे तज्ज्ञ मानतात. एवढ्या मोठ्या परिवाराचा परिचय करून घ्यावयाचा, तर ज्याची पुरेशी चौकशी झालेली आहे असा एखादा मोठा वनवासी सभासद निवडणे सोयीचे. तसा सभासद उत्तर अमेरिकेच्या पूर्वार्धात आढळतो. शास्त्रज्ञ त्याला नार्सियस अमेरिकॅनस या नावाने ओळखतात.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन पालिसो द बोव्हा या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८१७ साली केले, आणि नार्सियस हे प्रजातिनाम राफिनेस्क याने १८२० साली दिले. अॅपलेशियन पर्वताच्या उतारांवर ओक, मेपल, हिकरी अशा पानझडी वृक्षांची जी विस्तीर्ण अरण्ये आहेत, तो याचा खास मुलूख. तेथील ओल्या पाचोळ्यात, पडलेल्या ओंडक्यांच्या सालीखाली आणि कुजून भुसभुशीत झालेल्या लाकडाच्या पोटात त्याची वस्ती असते. लांबी सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत. अंग करड्या अथवा जांभळट तपकिरी रंगाचे आणि गुळगुळीत. प्रत्येक वलयाच्या कडेला तांबूस रेघ. वलयांची संख्या पन्नासाच्या आसपास आणि पायांची सुमारे दोनशे. त्या खंडातील आकाराने मोठ्या वाण्यांत याची गणना होते.

या प्राण्याची शरीररचना प्रथमदर्शनी चमत्कारिक भासते. पायांची संख्या पाहावी तर अमर्याद, आणि एवढ्या पायांनी साधलेली गती पाहावी तर नगण्य! परंतु हे पाय पळण्यासाठी नाहीतच. ते रेटण्यासाठी आहेत, एवढे ध्यानात घेतले की सारे कोडे उलगडते. इंग्लंडमधील प्राणिशास्त्रज्ञ सिडनी मँटन या विदुषीने संधिपाद प्राण्यांच्या चालीचा अनेक वर्षे सूक्ष्म अभ्यास केला, आणि १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात वाण्याच्या रचनेचे मर्म विशद केले. वाणी चालतो तेव्हा त्याच्या पायांतून मागून पुढे लाटा सरकताना दिसतात. या चालीत प्रत्येक पाय हवेत असतो त्याहून अधिक काळ जमिनीला टेकून मागे रेटा देत असतो, म्हणून कोणत्याही क्षणी पुष्कळ पायांचे बळ एकवटून डोक्यामागच्या कवचावर येते आणि ते डोके पाचोळ्याच्या दाट थरात किंवा सैल मातीत घुसत जाते. मात्र पाय वाढवायचे म्हणजे शरीराचे खंड वाढवायचे, आणि खंड वाढले की सांधेही वाढतात. सांधे फार झाले की मागून दिलेला रेटा पुढे पोहोचण्याऐवजी शरीरच मध्ये वाकते. काठी ढकलली तर पुढे जाते, दोरी ढकलली तर जागच्या जागी दुमडते, हा अनुभव सर्वांचाच आहे. निसर्गाने येथे अशी तजवीज केली की, दोन दोन खंड एकजीव करून त्यांचे एकेक ताठ वलय बनवले. पायांची संख्या कायम राहिली, आणि सांधे मात्र निम्म्यावर आले. म्हणूनच एका वलयाला पायांच्या दोन जोड्या, श्वासरंध्रांच्या दोन जोड्या आणि चेतासंस्थेच्या गंडिकांच्याही दोन जोड्या आढळतात. डोक्यामागील पहिले वलय मात्र पादहीन असते, आणि त्यानंतरच्या तीन वलयांना एकेकच जोडी असते.

रेट्याचे हे यंत्र ज्या कामासाठी सिद्ध झाले, ते काम म्हणजे मेलेल्या पानांचे भक्षण. नार्सियसचा मुख्य आहार कुजकी पाने आणि सडके लाकूड. नुकतेच गळलेले, करकरीत पान त्याला रुचत नाही. त्या पानात तुरट द्रव्ये भरपूर असतात आणि पोषण मिळवणे कठीण असते. पावसाने पान धुऊन निघाले, त्यावर बुरशी व जीवाणू यांनी ठाणे दिले, आणि त्याचा ताठपणा मोडला, म्हणजे मग वाणी आपले बळकट जंभ चालवून त्याचा भुगा करू लागतो. पोटात गेलेल्या या भुग्यापैकी फारच थोडा अंश तो अंगी लावतो. उरलेला बहुतेक भाग विष्ठेच्या बारीक गोळ्यांच्या रूपाने बाहेर पडतो. वरवर पाहता हा कारभार तोट्याचा दिसतो, पण अरण्याच्या दृष्टीने फायदा नेमका याच तोट्यात आहे. अखंड पानापेक्षा या भुग्याचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी अधिक असतो, त्यात ओलावा टिकतो, आणि सूक्ष्म जीवांना कुजवण्याचे काम जोमाने करता येते. हे जीव त्या गोळ्यांवर वाढले की वाणी कित्येकदा त्याच गोळ्या पुन्हा खातो आणि पहिल्या खेपेस जे पचले नाही ते दुसऱ्या खेपेस वसूल करतो. अमेरिकन परिस्थितिशास्त्रज्ञ रॉबर्ट ओ’नील याने १९६८ साली नार्सियस अमेरिकॅनसच्या वसाहतींतील ऊर्जेचा जमाखर्च रीतसर मांडून प्रसिद्ध केला. पाचोळ्यातल्या एका किड्याच्या खाण्याचा हिशेब विज्ञानाच्या दप्तरी दाखल व्हावा, यावरूनच त्याच्या कामगिरीचे महत्त्व ध्यानात यावे.

आहाराचा आणखी एक संबंध त्याच्या कवचाशी आहे. बहुतेक कीटकांचे कवच कायटिन व प्रथिने यांचेच असते. वाण्याच्या कवचात त्याखेरीज कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा, भक्कम भरणा असतो. हा चुना येणार कोठून? अर्थात पानांतून व मातीतून. म्हणून ज्या जमिनीत चुना मुबलक, तेथे वाण्यांची वस्तीही सामान्यतः दाट आढळते. वाढीसाठी कात टाकावी लागली, म्हणजे हा प्राणी जमिनीत किंवा कुजक्या लाकडात लहानशी खोली करून तीत दडतो. जुने कवच उतरले की नवे कठीण होईपर्यंत तो असहाय असतो. मग उतरलेली कात तो बहुधा स्वतःच खाऊन टाकतो. एवढ्या कष्टाने जमवलेला चुना वाया घालवणे त्याला परवडण्यासारखे नाही.

हे कवच कठीण असले तरी ओल राखण्यात उणे आहे. कीटकांच्या अंगावर मेणाचा जो जलरोधक लेप असतो, तो यांच्या अंगी असलाच तर अगदी दुबळा असतो; श्वासरंध्रेही त्यांना कीटकांप्रमाणे मिटून घेता येत नाहीत. त्यामुळे कोरड्या हवेत वाणी लवकर सुकतो. रात्री किंवा पावसाळी दिवशी हिंडणे, उन्हात ओंडक्याखाली राहणे आणि हिवाळा कुजक्या लाकडाच्या गाभ्यात अथवा जमिनीत खोल काढणे, ही त्याची सारी दिनचर्या व ऋतुचर्या या एका उणिवेने आखून दिलेली आहे. आपल्याकडे पावसाच्या आरंभी वाणी एकाएकी सर्वत्र दिसू लागतात, याचेही कारण हेच. उन्हाळाभर जमिनीत दडून राहिलेले हे जीव ओल मिळताच वर येतात.

ज्याला पळता येत नाही आणि चावताही येत नाही, त्याने आत्मरक्षण कसे करावे? वाण्याचा पहिला उपाय वेटोळ्याचा. धोका जाणवताच तो डोके मध्यभागी घेऊन अंग गुंडाळतो, म्हणजे कोमल पोट व पाय आत जातात आणि बाहेर राहते ती केवळ कवचाची तटबंदी. एवढ्याने शत्रू हटला नाही, तर दुसरा उपाय रासायनिक असतो. पुढची काही वलये सोडून बाकीच्या बहुतेक वलयांच्या दोन्ही बाजूंना एकेक सूक्ष्म छिद्र असून त्यामागे ग्रंथी असते. नार्सियसच्या ग्रंथींतून बेंझोक्विनोन जातीची द्रव्ये पाझरतात. त्यांचा दर्प उग्र असतो, ती मुंग्यांना व लहान पशूंना सहन होत नाहीत, आणि मनुष्याच्या बोटांवर त्यांचा तपकिरी डाग पडून कित्येक दिवस राहतो. याहून अधिक अपाय सहसा होत नाही. मात्र हे द्रव्य डोळ्यात गेल्यास तीव्र दाह होतो, म्हणून वाणी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना याविषयी आधीच ताकीद द्यावी, हे उत्तम. अमेरिकेतीलच दुसऱ्या एका गणातील चपटे वाणी तर हायड्रोजन सायनाइड हे जहाल विष निर्माण करतात, आणि त्यांचा भडक पिवळा-काळा रंग पक्ष्यांना दुरूनच इशारा देतो.

परंतु कोणताही बंदोबस्त अभेद्य नसतो. टॉमस आयझनर या कॉर्नेल विद्यापीठातील सुप्रसिद्ध कीटकशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९९८ साली एका विलक्षण शिकारीचे वर्णन प्रसिद्ध केले. नार्सियसच्याच गणातला एक मोठा वाणी फ्लॉरिडा राज्यात आढळतो. फेंगोडिस नावाच्या भुंगेऱ्याची अळी त्याच्या अंगाच्या पुढील भागाला विळखा घालते, डोक्यामागील मऊ सांध्यात आपले पोकळ, तीक्ष्ण जंभ रुतवते आणि आतड्यातील द्रव त्याच्या शरीरात सोडते. वाणी काही क्षणांत निश्चेष्ट होतो. ग्रंथीतील विष बाहेर टाकण्याचीही सवड त्याला मिळत नाही. मग ती अळी आतला सारा ऐवज शोषून घेते आणि मागे ठेवते ती कवचाची रिकामी कडी व विषाने भरलेल्या, अस्पर्शित ग्रंथी. याच्या उलट, काही प्राण्यांना हे विषच हवे असते. व्हेनेझुएलातील कापुचिन माकडे पावसाळ्यात मोठे वाणी पकडून आपल्या अंगावर घासतात, आणि त्यातील बेंझोक्विनोनमुळे डासांचा उपद्रव कमी होतो, असे संशोधकांचे मत आहे. मादागास्करमधील लेमूरही वाणी चावून अंगाला चोळताना आढळले आहेत.

नार्सियसच्या डोळ्यांत साध्या नेत्रिकांचा लहानसा पुंजका असतो. त्याची भिस्त दृष्टीपेक्षा शृंगिकांवर, म्हणजे स्पर्श व गंध यांवर, अधिक असते. नर आणि मादी ओळखण्याची खूण सातव्या वलयाशी आहे. मादीला तेथे साधे पाय असतात. नराच्या त्या वलयातील पायांचे रूपांतर रेतन-अवयवांत झालेले असते, म्हणून बाजूने पाहिले असता तेथे पायांच्या रांगेत खंड पडलेला दिसतो. वाण्यांच्या जाती ठरविताना शास्त्रज्ञ याच अवयवांच्या घडणीचा आधार घेतात. रंग व आकार यांत एकमेकांपासून ओळखू न येणाऱ्या दोन जाती या अवयवांत मात्र स्पष्ट भिन्न निघतात. मीलनसमयी नर मादीच्या पाठीवरून चालत जातो आणि पायांच्या तालबद्ध हालचालींनी तिला अनुकूल करून घेतो. पुढे मादी चावलेल्या पानांच्या लगद्याची कुपी तयार करून तीत एकच अंडे ठेवते, आणि अशा अनेक कुप्या पाचोळ्यात सोडते. ज्या पानावर आईची गुजराण, त्याच पानाचे घर पिलाला मिळते.

अंड्यातून निघालेल्या पिलाला पायांच्या तीनच जोड्या असतात, त्यामुळे ते वाण्यापेक्षा कीटकासारखेच भासते. पुढे प्रत्येक वेळी कात टाकताना शरीराच्या मागील टोकाशी नवी वलये वाढत जातात आणि पाय त्यांच्याबरोबर येतात. वाण्याचे पाय हजार असतात अशी समजूत बहुतेक देशांत आहे. पण जीवशास्त्राच्या नोंदींत सहस्रपाद असा वाणी दीर्घकाळ एकही नव्हता. कॅलिफोर्नियातील एका जातीचे ७५० पाय हाच उच्चांक समजला जाई. अखेर २०२१ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील खाणप्रदेशात, जमिनीखाली साठ मीटर खोल घेतलेल्या छिद्रातून सापडलेल्या युमिलिपिस पर्सेफोनी या जातीच्या एका मादीचे १,३०६ पाय मोजण्यात आले. तिला डोळे नव्हते, आणि अंगाची रुंदी एक मिलिमीटरही नव्हती. अरुंद भेगांतून वाट काढावयाची, तर अंग बारीकच हवे. आणि बारीक अंगात जोर आणावयाचा, तर पाय वाढवणे प्राप्त आहे. पाय रेटण्यासाठी असतात, या सिद्धांताला याहून बोलका पुरावा मिळणे कठीण.

या धंद्याचे प्राचीनत्व थक्क करणारे आहे. स्कॉटलंडमध्ये स्टोनहेवन गावानजीक समुद्रकाठच्या खडकात माइक न्यूमन नावाच्या बसचालकाला, जो हौशी जीवाश्मसंग्राहक होता, एका वाण्याच्या शरीराचा तुकडा सापडला. २००४ साली त्याचे वर्णन होऊन त्याला न्यूमोडेस्मस न्यूमनाय हे नाव देण्यात आले. त्याचे वय संशोधकांच्या मते ४१ ते ४३ कोटी वर्षांच्या दरम्यान आहे. त्याच्या कवचावर श्वासरंध्रे स्पष्ट दिसतात, अर्थात तो हवेत श्वसन करीत असे. भूमीवर राहून हवा घेणाऱ्या प्राण्यांचा याहून जुना दस्तऐवज क्वचितच मिळेल. त्यानंतर कोट्यवधी वर्षांनी, दगडी कोळशाच्या युगात, याच कुळाचा आप्त आर्थ्रोप्लुरा अवतरला. इंग्लंडमधील नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर २०१८ साली सापडलेल्या त्याच्या अवशेषावरून त्याची लांबी अडीच मीटरांहून अधिक असावी असा अंदाज आहे.

सह्याद्रीच्या रानांतही या कुळाची एक प्रतिष्ठित शाखा नांदते. स्पर्श होताच अंगाची घट्ट गोळी करणारे आर्थ्रोस्फेरा प्रजातीचे मोठे वाणी पश्चिम घाटात व श्रीलंकेत आढळतात, आणि त्यांचे निकटचे भाऊबंद मादागास्करमध्ये आहेत. समुद्र ओलांडण्याची ऐपत नसलेल्या या मंदगती प्राण्याची अशी वाटणी एकेकाळी हे भूभाग एकसंध होते, याचीच साक्ष देते. मंगळूर विद्यापीठातील संशोधकांनी आर्थ्रोस्फेरा मॅग्ना ही जाती बागायतीतील पालापाचोळ्याचे खत कसे करते याचा अभ्यास करून तो २००६ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या ओकवनात नार्सियस जे करतो, तेच काम आपल्या घाटातील पोफळीच्या बागेत हा करीत असतो.

वाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्याला पेरणीच्या दिवसांत हाच प्राणी सोयाबीन आणि कपाशीचे अंकुरते बी व कोवळी रोपे कुरतडताना आढळतो, आणि त्याची तक्रार खोटी नाही. रानात कुजकी पाने खाणारा जीव उघड्या शेतात, जेथे दुसरे खाद्य उरलेले नाही, तेथे कोवळ्या अंकुराकडे वळतो. अशा वेळी शेतात ठिकठिकाणी गवताचे ओले ढीग रात्री ठेवून, त्याखाली जमलेले वाणी सकाळी वेचून काढण्याचा जो सल्ला कृषितज्ज्ञ देतात, तो साधा, स्वस्त आणि प्राण्याच्या स्वभावाला धरून आहे. परंतु शेताचा न्याय परसाला आणि रानाला लावण्याचे कारण नाही. अंगणात व बागेत साचलेला पाला काडी लावून जाळण्याची आपली वहिवाट झाडांच्या हक्काची ठेव धुरात घालवते, आणि ती ठेव मातीत जमा करणाऱ्या कारभाऱ्यालाही बेघर करते. वाचकांना एवढीच विनंती की, पाला जाळू नये. तो झाडाच्या बुडाशी ओढून ठेवावा. आणि पावसाळ्यात घरात शिरलेला वाणी चिरडण्याऐवजी त्याला कागदावर उचलून त्या पाल्यावर सोडून द्यावे.